कार्डाची पाठ

कार्ड ७१८
तोंड: गणिताच्या बाई. उजवा पाय, अंगठ्याचं हाड बाहेर. चवडा रुंद. तळ मऊ, टाच बसकी.
पाठ: रडते. आधी पाणी.

रविवार होता. शटर अर्धंच वर असल्यामुळे मधल्या भावाला वाकून आत यावं लागलं, आणि वाकलेला असतानाच त्यानं बोलायला सुरुवात केली. अप्पांना ढगात जाऊन चौदा वर्षं झाली, म्हणाला, आता त्यांची कार्डंही गेली. आणखी कुणाचा नंबर आहे?

कुणी हसलं नाही. 'ढग' हा शब्द घरात पुतणीनं, धाकट्याच्या लेकीनं, आणला होता, क्लाउड म्हणजे काय ते आत्याला समजावताना. तेव्हापासून सगळे ढगच म्हणायचे. ढगात बघ. ढगात टाकलंस का. गिऱ्हाइकांसमोर मात्र हा शब्द काढायचा नाही असं ताईनं, म्हणजे याच आत्यानं, बजावलं होतं; म्हाताऱ्या माणसांना फोनवर 'तुम्हाला ढगात टाकलंय' असं सांगणं बरं दिसत नाही.

मधला वकील होता. सणासुदीला नाही, अडीअडचणीला यायचा. एक पोरगा शिवतो, एक फाडतो, असं अप्पा म्हणायचे आणि दोघांनाही ते कौतुक वाटायचं.

शिवणारा धाकटा आतल्या खोलीच्या दाराशी उभा होता. त्याचं कारखान्याचं काम दोन गल्ल्या पलीकडे चालायचं. आज तो इथं होता आणि हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. आत त्याची बायको चहाचं बघत होती. ताई काउंटरच्या मागे, तिच्या उंच स्टुलावर. भिंतीभर लाकडी कळबूत, बूट चढवायचे पायाचे साचे, टांगलेले, प्रत्येक जोडी एकेका माणसाच्या पायाची, आणि जोडीतला डावा उजव्यासारखा नाही. या दुकानात अशीच माणसं यायची. ज्यांचे दोन पाय एकमेकांशी जमवून घेत नाहीत, अशी.

ताई त्यांतलीच एक. डावा पाय आखूड. तिची चाल घरात सगळ्यांना आवाजावरून कळायची: खट, मग एक सरपटता श्वास, मग खट. अप्पा आतून मान वर न करता 'ये' म्हणायचे.


*


कार्ड १०४६
तोंड: निवृत्त ड्रायव्हर. दोन्ही टाचा बाहेरून झिजतात. उजवी जास्त.
पाठ: स्वतःला नर्तक समजतो. हरकत नाही.

पुतणीला आठ महिने लागले होते. तेराशे चाळीस कार्डं, बारा खण, एक स्कॅनर. तिनं ती वाचली नाहीत. वाचत बसली असती तर म्हातारी झाली असती. खण काढायचा, गठ्ठा लावायचा, यंत्र एकेक कार्ड ओढून घ्यायचं. मग प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक फोल्डर. त्यात कार्ड, पायांचे फोटो, आधीच्या जोड्या, दुरुस्त्या.

पूर्वी काय व्हायचं हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. गिऱ्हाइकाचा फोन आला की आत्या स्टुलावरून उतरायची, खणापर्यंत जायची, कार्ड शोधायची, परत यायची, मग कारखान्यात फोन लावून माप ओरडून सांगायची. तिकडे मशीन चालू. एकदा 'सहा' सांगितलेलं 'दहा' ऐकलं गेलं आणि एका बाईंना असा बूट मिळाला की तो घालून त्या कपाटावरचं काढू शकल्या असत्या.

आता सहाचे सहाच दिसत होते; काउंटरवर, कारखान्यात, आणि पुतणी कुणाच्या घरी माप घ्यायला गेली असेल तर तिथंही. निवृत्त ड्रायव्हर लेकीकडे लांबच्या गावी राहायला गेला होता. त्यानं झिजलेल्या टाचेचा फोटो काढून थेट स्वतःच्या फोल्डरमध्ये टाकला. धाकट्यानं तो पाहिला, कार्डावरचं माप पाहिलं, तिसऱ्या दिवशी पार्सल पोचलं. 'मी आलोच नाही आणि तुम्ही माझा पाय ओळखला,' असं त्यानं खाली लिहिलं होतं. धाकटा ते दोन दिवस सगळ्यांना दाखवत फिरला.

म्हणून सोमवारी पुतणीनं पुढचं पाऊल टाकलं. सहाशे बारा चालू गिऱ्हाइकांना आपापल्या फोल्डरची लिंक पाठवली. तुमचं कार्ड आता तुमच्याजवळ. कुठल्याही गावात, कुठल्याही डॉक्टरला दाखवा.

या घरात एक नियम होता आणि तो इतका जुना होता की कुणी तो बोलून दाखवत नसे. गिऱ्हाइकाला कार्डाचं तोंड दाखवायचं, पाठ नाही. तोंडावर मापं. पाठीवर अप्पांच्या बारीक अक्षरात बाकीचं. पुतणीला हा नियम माहीत होता. स्कॅनरला माहीत नव्हता. तो दोन्ही बाजू एकदम घेतो.

मंगळवारी दुपारी पहिला फोन आला. तिनं तासाभरात लिंका बंद केल्या. तोवर त्र्याऐंशी जणांनी आपली पाठ वाचली होती.


*


बुधवारी गणिताच्या बाई स्वतःच आल्या. ते ताई अजून कुणाला नीट सांगू शकली नव्हती.

त्या रागावल्या नव्हत्या. काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. ताईनं सवयीनं पाण्याचा ग्लास पुढे केला आणि केल्याबरोबर तिला आपला हात मागे घ्यावासा वाटला.

"अठ्ठावीस वर्षं मला वाटत होतं," बाई म्हणाल्या, "इथं सगळ्यांनाच पाणी देतात."

देतोच की, असं ताई म्हणाली. बाईंनी शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाकडे पाहिलं. त्याच्यापुढे ग्लास नव्हता. आयुष्यभर पोरांच्या वह्यांतल्या खोट्या बेरजा पकडलेली बाई ती. त्यांनी पाणी प्यायलं, ग्लास उपडा ठेवला, आणि तयार झालेली जोडी न घेताच गेल्या.

तो जोड अजून काउंटरखाली होता. आता मधला कागद काढत असताना ताईचा पाय त्या खोक्याला लागत होता.


*


मधल्याचं म्हणणं सरळ होतं. एक लेखी तक्रार आली होती, एका गृहस्थाची. त्याच्या पाठीवर 'खोटं बोलतो, रोज चालत नाही' असं निघालं होतं. लिंक आली तेव्हा गृहस्थाची बायको शेजारी बसली होती. बाकीचे ब्याऐंशी कधीही जागे होऊ शकतात. तेव्हा ढगातल्या सगळ्या पाठी आजच्या आज पुसायच्या. कागदाची कार्डंही नष्ट करायची. मग माफीचं पत्र. मजकूर त्यानं आणला होता.

पुतणी म्हणाली, तक्रार एक आहे, पण नऊ फोनांतले सहा वेगळेच होते. एकानं पाठीचा कागदी प्रिंट मागितला होता.

"एकानं मागितला म्हणून तेराशे जणांची उघडी पाठ चव्हाट्यावर ठेवायची?"

"चव्हाट्यावर नाही, काका. ज्याची त्याला."

"अगं, माणसाला आपलीच पाठ दिसू नये म्हणून देवानं ती मागे दिली."

पुतणी सहसा मधल्याला उत्तर देत नसे. आज दिलं. म्हणाली, तोंडावर नुसता पाय आहे, माणूस पाठीवर आहे. मुलगी सोबत असेल तर माप मोठ्यानं वाचू नये, हे तोंडावर नाही. आधी पाणी, हे तोंडावर नाही. अप्पा गेले, उद्या आत्या थकेल. काउंटरवर मी बसेन तेव्हा मला कोण सांगणार कुणाला काय लागतं? ते पुसलं तर ढगात उरतील त्या फूटपट्ट्या.

मधल्यानं धाकट्याकडे पाहिलं. धाकटा लेकीच्या बाजूनं बोलेल असंच सगळ्यांना वाटत होतं. गेले आठ महिने तो तिच्याइतकाच या ढगाच्या प्रेमात होता.

"पुसून टाकू," धाकटा म्हणाला. "वकील म्हणतोय ते बरोबर आहे."

पुतणीनं बापाकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या एका कळबुताची धूळ अंगठ्यानं पुसत होता.

मग ताई. तिचा शब्द शेवटचा असायचा. थोरली म्हणून, आणि दुकान तिच्या नावावर म्हणूनही. ती म्हणाली, अप्पा ते स्वतःशी पुटपुटत होते. माणूस स्वतःशी पुटपुटलेलं दुसऱ्याला ऐकवत नाहीत. पुसा.

तीन विरुद्ध एक. पुतणीनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

तिथंच सगळं संपलं असतं. पण मधल्याला कुठलीही गोष्ट पुसण्याआधी डोळ्यांनी पाहायची सवय होती. तो म्हणाला, थांब, गिऱ्हाइकाला नक्की काय दिसतं ते एकदा दाखव. दुसऱ्या कुणाचं नको. ताईचं दाखव. ताई, तुलाही लिंक आली असेल की.

आली होती. ताई या दुकानाची चौथ्या नंबरची गिऱ्हाईक. सोमवारपासून ती लिंक तिच्या फोनमध्ये तशीच पडून होती. तिनं उघडली नव्हती, का ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"चहा झाला का बघतो," धाकटा म्हणाला.

"होईल तेव्हा येईल," ताई म्हणाली. तो थांबला.


*


कार्ड ४
तोंड: थोरली. डावा पाय आखूड. फरक: नऊ सूत. दिली: नऊ सूत.
पाठ:

इथं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अप्पांची फूटपट्टी तीच होती आणि धाकट्यानंही ती बदलली नव्हती. फरक म्हणजे दोन पायांच्या लांबीतली तफावत, दिली म्हणजे बुटाच्या तळाला दिलेली उंची. अप्पांच्या लेकीला किती, तर जितकी हवी तितकी. तारीख होती ताई बावीस वर्षांची असतानाची.

पण चित्र एकच होतं. बाकी सगळ्या फोल्डरांत कार्डाची दोन-दोन चित्रं. हिच्यात फक्त तोंड.

मधला म्हणाला, पाठ कोरी असेल.

"कोरी असली तरी कोरीचं चित्र येतं," पुतणी म्हणाली. "यंत्र वाचत नाही, नुसतं ओढतं."

तिनं फोल्डरचा इतिहास उघडला. ढगाची ही एक खोड होती, जी तिनं घरात कुणाला फारशी समजावली नव्हती: कोण आलं, कोणी काय ठेवलं, कोणी काय काढलं, सगळं त्याच्या लक्षात राहतं. तिथं एक ओळ होती. एक चित्र काढून टाकलं. मंगळवार, चार वाजून दहा मिनिटं. कारखान्याचा फोन.

कारखान्याचा फोन एकच माणूस वापरायचा.

पुतणीनं ती ओळ मोठ्यानं वाचली नाही. स्क्रीन आत्याकडे वळवली. ताईनं चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"काय होतं रे पाठीवर?" तिनं विचारलं.

धाकट्याला वाटलं होतं, पुसलं म्हणजे पुसलं. मंगळवारी बोंब झाली तेव्हा त्याच्या मनात पहिलं कार्ड आलं ते चौथं. कागदाचं तर त्यानं चौदा वर्षांपूर्वीच खणातून काढून आपल्या पेटीत ठेवलं होतं, आणि मग, बघा मूर्खपणा, स्कॅनिंगच्या वेळी लेकीनं 'एक कार्ड कमी आहे' म्हणून दुकान डोक्यावर घेतलं तेव्हा त्यानंच ते गुपचूप परत नेऊन ठेवलं. स्कॅनर पाठही घेतो हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. चामडं कापताना दोन्ही बाजू बघणारा माणूस.

"काही नाही," तो म्हणाला. "अप्पांचं नेहमीचं."

"मग काढलंस कशाला?"

ताईनं पुतणीला विचारलं, ते परत आणता येतं का. येतं, पुतणी म्हणाली. काढलेली वस्तू तीस दिवस टोपलीत राहते.

आण म्हणाली.


*


कार्ड ४
पाठ: दिली सात. राहील.


*


आतल्या खोलीत कपबश्या वाजत होत्या.

आधी मधला बोलला. त्याचा तो धंदाच. म्हणाला, सुतावरून स्वर्ग गाठू नका. सात म्हणजे काहीही असेल. सातवा जोड असेल. आणि राहील म्हणजे तळ राहील. टिकेल.

"टिकण्यासाठी अप्पा 'टिकेल' लिहायचे," ताई म्हणाली. ती काउंटरवर चाळीस वर्षं तेच अक्षर वाचत आली होती.

मग धाकटा घाईघाईनं बोलू लागला. फरक पूर्ण भरायचा नसतो, कंबर धरते, दोन सूत कमी ठेवणं ही धंद्यातली रीत आहे, कुणालाही विचार. तो कारागीर होता आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ताईच्या खांद्यावरचा ताण क्षणभर सैल झालेला पुतणीनं पाहिला.

तो तिनं पाहिला नसता तर ती गप्प बसली असती. पण अशी सैल झालेली आत्या उद्या पुन्हा ताठणार, परवा पुन्हा; रोज रात्री अंथरुणात कूस बदलताना विचारणार, रीत होती की नव्हती. ती म्हणाली, "रीत असेल तर ती सगळ्यांच्या कार्डांवर असेल."

उंची दिलेली कार्डं तिनं वेगळी खूण करून ठेवली होती. एकूण एकेचाळीस. तिनं ती सर्वांच्या फोनवर उघडून दिली, प्रत्येकाला दहा-दहा, जास्तीचं एक स्वतःला. चौघं काउंटरभोवती बसली आणि वाचू लागली.

फरक पाच, दिली पाच. पाठीवर: जिना उतरताना हात द्यावा.

फरक आठ, दिली आठ. पाठीवर: काही नाही.

फरक सहा, दिली सहा. पाठीवर: फार बोलतो, पण पाय खरा सांगतो.

फरक चार, दिली चार. पाठ कोरी.

फरक दहा, दिली आठ.

धाकट्यानं ते वाचलं आणि त्याचा आवाज चढला. बघ, म्हणाला, दोन कमी. पण पुतणीनं पुढे वाचलं. तोंडावरच लिहिलं होतं: 'कंबरेसाठी दोन कमी. सांगितले आहे.' आणखी एक तसंच निघालं, शेवटून तिसरं. तेही तोंडावर. तेही सांगून.

रीत होती. पण ती उघड होती. तोंडावर एक आणि पाठीवर दुसरं, असं एकेचाळिसांत एकच कार्ड निघालं.


*


कार्डावरच्या तारखेच्या वर्षी काय होतं हे मधल्याला आठवत होतं, आणि आठवू नये म्हणून तो आपल्या माफीच्या पत्राची घडी घालत होता.

ताईला एक नोकरी मिळाली होती. दूर, डोंगरावरच्या हवामान केंद्रात. दिवसातून तीनदा गच्चीवर जाऊन आकाश बघायचं आणि वहीत लिहायचं: किती ढग, कसले, किती उंच. घरात तिला 'ढग मोजणारी' म्हणून चिडवायचे. केंद्रापर्यंत अर्धा तास चढ. ती म्हणाली होती, नवा जोड चढाला साथ देईल तर जाईन. अप्पांनी आठवडाभर बसून तो जोड शिवला. ती तो घालून पाण्याच्या टाकीचा जिना तीनदा चढली-उतरली. संध्याकाळी कंबरेत अशी कळ निघाली की ती भिंत धरून घरी आली. तिनं नकाराचं पत्र लिहिलं आणि ते टपालपेटीत टाकायला मधलाच गेला होता.

त्याच महिन्यात तो शिकायला बाहेर पडला. आई नव्हती. धाकटा बारा वर्षांचा होता. या घरातून त्या वर्षी एकालाच जाता येणार होतं.

आपण इथं काय पुसायला आलो होतो, असं त्याच्या मनात आलं. मग त्यानं पत्र खिशात घातलं आणि पुन्हा कधी बाहेर काढलं नाही.

"तुला कधी कळलं?" ताईनं धाकट्याला विचारलं.

अप्पा गेल्यावर पहिला जोड करायला घेतला तेव्हा, तो म्हणाला. कार्डावर नऊ होते आणि जुना बूट मोजला तर सात भरले. म्हणून कार्ड उलटलं.

"आणि तू किती दिलेस?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. पण बूट तिच्या पायात होता, फूटपट्टी काउंटरवर होती.

"सात."

"का?"

"तुला सवय झाली होती म्हणून." त्यानं फूटपट्टी उचलून पुन्हा ठेवली. "असं मी स्वतःला सांगितलं. तू नीट चालायला लागली असतीस तर विचारलं असतंस, आधी का नाही. मग मला अप्पांचं सांगावं लागलं असतं. मग तू काउंटरवर बसली असतीस का, कुणास ठाऊक. मला माणसांशी बोलता येत नाही, ताई. मला पायांशी येतं."

पुतणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती म्हणाली, आत्या, मी हे सगळंच उडवते. टोपलीसकट. काका म्हणत होते तेच बरोबर. तिचं बोट खरंच त्या बटणावर होतं.

ताईनं तिचं मनगट धरलं. तिची पकड घट्ट होती. आयुष्यभर काउंटर धरून उठलेली बाई.

"ढग तीस दिवस ठेवतो म्हणालीस ना. अप्पांनी जिवंत होते तोवर पंचवीस वर्षं ठेवलं. त्यांना पुसायचं असतं तर खोडरबर होतं घरात." तिनं मनगट सोडलं. "नाही पुसायचं. काहीच नाही. ज्याचं त्याला विचार, पाठ बघायची आहे का. हो म्हणाला तर दाखव, नको म्हणाला तर राहू दे. त्या गणिताच्या बाईंना मी स्वतः फोन करते. पण आपल्यात कुणी परस्पर पुसायचं नाही. ऐकलंस का रे?"

धाकट्यानं मान हलवली.

"आणि माझ्या कार्डाच्या तोंडावरचा आकडा खोटा आहे. तो खोडू नकोस. खाली दुसरा लिही. तोंडावर."

पुतणीनं विचारलं, कितीचा लिहू.

ताईनं बूट काढला आणि काउंटरवर ठेवला. दुकानात गिऱ्हाइकानं असं केलं असतं तर तिनं खपवून घेतलं नसतं. "ते हा सांगेल," ती म्हणाली.

धाकटा म्हणाला, नऊचा करून देतो, पण एकदम नाही. इतक्या वर्षांनी एकदम दिले तर कंबर बोलेल. महिन्याला अर्धं सूत वाढवत नेऊ.

"बोलू दे. मला आज बघायचंय किती आहे ते."

तो वाद घालण्याच्या लायकीचा उरला नव्हता. खणातून त्यानं चामड्याचा तुकडा घेतला, फूटपट्टी लावली, रापीनं कापला. तुकडा एक सुताचा होता, म्हणून दोन कापले आणि एकावर एक चिकटवले. वाळेपर्यंत चौघंही त्या चामड्याकडे बघत बसली. करंगळीच्या नखाच्या रुंदीपेक्षा जाड नव्हतं ते. मग त्यानं कडा घासून उतरत्या केल्या, तुकडा बुटात घातला, आणि गिऱ्हाइकापुढे बसतात तसं खाली बसून बहिणीच्या पायात बूट चढवला. नाडी त्यानंच बांधली. सुटली म्हणून पुन्हा बांधली.

ताई उभी राहिली. पहिल्यांदा तिचा हात काउंटरवर गेला आणि काउंटर जिथं असायचा तिथं नव्हता. थोडा खाली होता. मधला सावरायला पुढे झाला. तिनं त्याला हातानंच थांबवलं.

काउंटरपासून शटरपर्यंत नऊ पावलं होती. तिनं ती टाकली. खट. खट. खट. मधला श्वास नाही, सरपटणं नाही. दोन सारख्या टाचांचा कुणाचाही असू शकेल असा आवाज. शटरखालून उन्हाचा पट्टा आत आला होता. तिथं ती वळली आणि परत आली. वळताना तिनं खालचा ओठ दातांत धरला होता. कंबर बोलत असणार. भिंतीवरच्या कळबुतांशी येऊन ती थांबली, त्यांच्याकडे तोंड आणि या तिघांकडे पाठ करून. पाठ हलत होती.

आतल्या खोलीतून धाकट्याच्या बायकोनं हाक मारली. ती या घरात आल्यापासून एकच चाल ओळखत होती, आणि ही ती नव्हती.

"कोण आलंय गं बाहेर? आज बंद आहे म्हणावं."

पुतणीनं तोंड उघडलं, पण ताई आधी बोलली. भिंतीकडेच बघत.

"गिऱ्हाईक आहे," ती म्हणाली. "जुनं. आधी पाणी आण."